नजरेच्या टप्प्यात

मिशनचा नियम साधा होता. जोडीतल्या दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. नजर पोचत नसेल तिथं निदान हाक तरी पोचली पाहिजे. परक्या देशात सेवेला गेलेलं माणूस एकटं पडलं की वाट चुकतं, असा आजवरचा अनुभव होता म्हणे. कुणाचा, ते कुणी सांगितलं नाही. नियम वाचून दाखवला तेव्हा शिवणबाईला मनातल्या मनात हसू आलं होतं. लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झालेल्या नवरा-बायकोला हे काय सांगायचं?

हे हसू काही फार दिवस टिकलं नाही.

शिवणबाई हे तिचं मायदेशी, प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळीतलं नाव. प्रार्थनाघरामागच्या खोलीत ती मुलींचा शिवणाचा वर्ग घ्यायची. नवी मुलगी आली की तिला आधी उसवायला बसवायची. जुनं कापड, बारीक कात्री, आणि एकही धागा ओढला जाता कामा नये. मुली कंटाळायच्या. "ज्याला उसवता येत नाही त्यानं शिवायला बसू नये," असं ती शांतपणे सांगायची आणि पुढच्या मशिनकडे वळायची. भाषणं करायची तिला सवय नव्हती. घरात बोलायला दुसरं माणूस समर्थ होतं.

नवरा बसस्टँडवर कंट्रोलर होता. काचेच्या खोलीत बसून गाड्यांची घोषणा करायची, हे त्यांचं काम. अर्ध्या शहरानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज पोरासोरांना ठाऊक होता. भरदार, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवणारा. त्यांची पाळी पहाटेची असली की ते दुपारी झोपत आणि हिची दुपार मोकळी, आणि त्यांची रात्रीची असली की हिची सकाळ. गाठ पडायची ती ताटावर. संसार चांगला चालला होता. तो कशामुळे चालला होता ते तिला परदेशी आल्यावर उमगलं. दोन कापडं जोडताना कडेला बोटभर माया सोडावी लागते. अगदी काठाला टाका घातला की पहिल्याच ओढीला फाटतं. त्यांच्या संसारातली माया म्हणजे ती मधली वेगवेगळी पाळी होती, दुसरं काही नाही.

निवृत्त झाल्यावर कंट्रोलरांचा आवाज घरात मावेना. दूधवाला आला की ते दूधवाल्याची घोषणा करत. भाजीचा भाव सांगताना मध्ये थांबत, जणू पलीकडे भोंगा घुमतोय. अशातच मंडळीत निरोप आला की परदेशातल्या मिशनला निवृत्त जोडपी हवी आहेत, दोन वर्षांच्या सेवेसाठी. कंट्रोलर उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही दोघं तयार आहोत." शिवणबाईला ही बातमी बाकीच्या सगळ्यांबरोबरच कळली. शेजारची बाई तिचा हात दाबून म्हणाली, "नशीब लागतं हो." तिनं मान हलवली. शिवणाचं मशीन पुसून, तेल घालून, जुन्या चादरीत गुंडाळून नणंदेच्या घरी ठेवलं. नणंद म्हणाली, "वहिनी, दोन वर्षं काय, बघता बघता जातील."

दोन खोल्यांची जागा मिळाली. भिंतीतून ओढून काढायचा पलंग, एक टेबल, ओट्यापाशी उभं राहायला एका माणसाची जागा, आणि न्हाणीघर. नियम न्हाणीघराच्या दाराशी थांबत असे. त्यामुळे ती तिथं जरा जास्तच वेळ घेऊ लागली. कपडे धुऊन झाल्यावरही नळ सोडून बसायची, बादलीतलं पाणी बघत. बाहेरून आवाज यायचा.

"अगं, आहेस ना?"

"जाणार कुठं? नळातून?"

"नाही, आपलं विचारलं."

दिवस ठरलेला. सकाळी प्रार्थना, मग कोटाला मिशनचा बिल्ला लावून दारोदार. दोघांनी मिळून घंटा वाजवायची, दोघांनी मिळून हसायचं. दार साखळीएवढं उघडायचं, फटीतून एखादा डोळा दिसायचा. कंट्रोलर पाठ केलेलं वाक्य स्टँडवरच्या आवाजात म्हणायचे आणि आतलं माणूस दचकायचं. त्याला वाटायचं, इमारत रिकामी करायचा हुकूम आला. मग दार बंद. दुपारी म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात वाचन. संध्याकाळी सभेच्या हॉलची झाडलोट. हा हॉल एका मोटार गॅरेजच्या वर होता. प्रार्थनेला डोळे मिटले की रबराचा वास जास्तच जाणवायचा.

भाषा कंट्रोलरांना येईना. वाक्यं त्यांनी घोकली होती, उत्तरं कुठून घोकणार? तिला मात्र येऊ लागली. दुकानात, जिन्यात, आश्रमातल्या आजीबाईंकडून ती शब्द वेचत गेली, जशा जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचाव्यात.

"काय म्हणाला तो?"

"नको म्हणाला."

"एवढा वेळ बोलला, आणि नुसतं नको?"

"नकोच, पण सभ्यपणे."

आधीची दुभाषी बाई लग्न होऊन दुसऱ्या शहरी गेली, तेव्हा रविवारच्या सभेत नवऱ्याचं भाषण त्या भाषेत सांगायचं काम तिच्या गळ्यात पडलं. ते एक वाक्य बोलायचे, ती एक वाक्य बोलायची. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "देवाच्या गाडीला आरक्षण लागत नाही, पण वाहक प्रत्येक प्रवाशाला ओळखतो." तिनं समोर पाहिलं. थकलेल्या बायका, एक लंगडा गृहस्थ, ऊब मिळते म्हणून येणाऱ्या दोन म्हाताऱ्या. तिनं सांगितलं, "देवाकडे सगळ्यांना जागा आहे." लोकांनी माना डोलावल्या. पुढे ती सवयच झाली. ते गाड्या सोडायचे, ती माणसं उतरवून घ्यायची. सभा थोडी थोडी भरू लागली. कंट्रोलरांना वाटलं, आपला आवाज पोचतोय.

"तू सांगतेस ते फार आखूड होतं गं," ते एकदा म्हणाले.

"त्यांच्या भाषेत थोडक्यात होतं."

दुरुस्तीवालीशी ओळख झाली ती कंट्रोलरांच्या कोटाच्या चेनमुळे. कोपऱ्यावरचं एवढंसं दुकान. चेन बदलणं, पँट आखूड करणं, फाटलेलं रफू करणं. काचेत एक बिनहाताचा पुतळा उभा. आत पाऊल टाकलं आणि शिवणबाईच्या कानावर मशीनचा आवाज आला, तेव्हा तिला कुणीतरी खूप दिवसांनी नावानं हाक मारल्यासारखं वाटलं. दुरुस्तीवाली तिच्याच वयाची, जाड भिंगाची, तोंडात टाचण्या धरून बोलणारी बाई होती. चेन होईपर्यंत शिवणबाईनं बाकावर पडलेल्या एका झग्याची घडी सरळ केली आणि न विचारता तुरपाई घालायला घेतली. दुरुस्तीवालीनं टाके पाहिले, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि स्वतःच्या बोटातलं अंगुस्तान तिच्यापुढे सरकवलं.

त्यानंतर आठवड्यातल्या मोकळ्या दुपारी ती तिथं जाऊ लागली. नियमामुळे कंट्रोलरही. ते दाराजवळच्या स्टुलावर पुस्तक उघडून बसायचे आणि थोड्या वेळानं हनुवटी छातीवर टेकायची.

"माझ्याकडे एक पुतळा आहेच की," दुरुस्तीवाली म्हणायची. "तू रोज दुसरा कशाला घेऊन येतेस?"

"घरी ठेवला तर धूळ बसते."

"याचे हात तरी शाबूत आहेत. टाचण्या धरायला सांग ना."

"टाचण्या धरल्या तर बोलणार कसा?"

दोघी हसायच्या. कंट्रोलर जागे होऊन विचारायचे, "काय झालं?" ती सांगायची, "काही नाही, टाका चुकला."

या देशात तिला जे काही मिळालं ते सगळं जोडीचं होतं. बिल्ला जोडीचा, पलंग जोडीचा, प्रार्थनेत देवाकडे मागितलेली माफीसुद्धा जोडीची. ही एवढी एक बाई तिची एकटीची होती. दुरुस्तीवालीला तिनं देवाविषयी कधी एक शब्द सांगितला नाही, आणि दुरुस्तीवालीनंही कधी बिल्ल्याकडे बोट दाखवून काही विचारलं नाही.

एका दुपारी एक मुलगी लग्नाचा पोशाख सैल करायला घेऊन आली. दुरुस्तीवाली म्हणाली, "लग्नाचे कपडे मी घेत नाही." मुलीनं विनवणी केली, दुप्पट द्यायची तयारी दाखवली. ही नाही म्हणजे नाही. मुलगी गेल्यावर शिवणबाईनं विचारलं, "का गं?"

मशीन थांबलं. दुरुस्तीवालीनं चष्मा काढला. तिची आई आजारी होती, याच दुकानाच्या आतल्या खोलीत पडून असायची. त्या दिवशी एका नवरीचा पोशाख द्यायचा होता, नवरीचा भाऊ दारात उभा. आईनं हाक मारली. ही म्हणाली, एक मिनिट. घेराची शेवटची शिवण राहिली होती. आईनं पुन्हा हाक मारली. ही पुन्हा म्हणाली, एक मिनिट, आई. मग हाक आली नाही. हिला वाटलं, झोप लागली. शिवण छान सरळ आली होती, ती म्हणाली. आजवर घातलेली सगळ्यात सरळ शिवण.

"कुणाला सांगितलं नाही मी हे," ती म्हणाली. "भावालासुद्धा नाही."

शिवणबाईनं तिच्या मांडीवर हात ठेवला. स्टुलावर कंट्रोलर घोरत होते.

घरी जाताना रस्त्यात त्यांनी विचारलं, "निघताना डोळे का पुसत होती ती?" ती चालत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. आणि तिनं सांगितलं. का सांगितलं? चोवीस तास ज्याच्या शेजारी चालायचं त्याच्यापासून काही लपवून चालणं फार दमवतं, हे एक. शिवाय ऐकलेलं जड होतं, आणि जड पिशवीचा एक बंद नवऱ्याच्या हातात द्यायची जुनी सवय.

"हे तुमच्या-माझ्यात हं."

"मी काय लहान आहे?" कंट्रोलर म्हणाले.

वर्ष संपत आलं, तसा मिशनच्या निरीक्षकांचा निरोप आला. ते येणार होते. जोडीनं वर्षभरात किती माणसं आणली ते पाहणार होते. सभेला लोक येत होते खरे, पण मंडळीत नाव घालून घ्यायला एकही जण तयार झाला नव्हता. कंट्रोलर जेवताना बोलेनासे झाले. त्यांची ती शांतता पाहून तिला त्यांची दया आली. आवाज गेलेला माणूस नुसता चेहऱ्यावर किती म्हातारा दिसतो.

"त्या दुरुस्तीवालीला बोलावू या," ते एका संध्याकाळी म्हणाले.

"तिला सोडा."

"गल्ल्या संपल्या आपल्या. दारं संपली. ओळखीचं म्हणावं असं हे एकच माणूस."

"ती माझी आहे."

आपण असं बोलू शकतो याचं तिलाच आश्चर्य वाटलं. कंट्रोलरांचा घास हातात राहिला.

"तुझी म्हणजे?"

"म्हणजे मिशनची नाही."

"बरं," ते म्हणाले. बिघडलेल्या गाडीबद्दल स्टँडवर घोषणा करायची असली की ते ज्या स्वरात 'लवकरच' म्हणत, त्या स्वरात.

रविवारी हॉल झाडून, खुर्च्या मांडून ती व्यासपीठाशी उभी होती. पुढच्या रांगेत निरीक्षक, मांडीवर टोपी. लोक येऊन बसत होते. तेवढ्यात मागच्या दारातून दुरुस्तीवाली आत आली. केस नीट बांधलेले, अंगात कधी न पाहिलेला निळा कोट. शेवटच्या रांगेत बसून तिनं हात हलवला. शिवणबाई धावतच तिच्यापाशी गेली.

"तू कशी इथं?"

"तुझ्या पुतळ्यानं बोलावलं. तू पडद्याआड त्या जाड्या बाईचं माप घेत होतीस ना, तेव्हा. 'रविवार. बायको बोलते. या.' म्हटलं, ही दुकानात पुटपुटणारी बाई माइकवर कशी बोलते ते बघावं तरी." तिनं भुवया उंचावल्या. "झोप लागली तर राग धरू नकोस."

शिवणबाईला बरं वाटलं. भीतीही वाटली, पण आधी बरंच वाटलं. आपलं माणूस आपल्याला बघायला आलं होतं.

कंट्रोलर उभे राहिले. घसा खाकरला.

"एक बाई आहे," ते म्हणाले.

"एक बाई आहे," तिनं सांगितलं.

"ती शिवणकाम करते. हातानं कष्ट करून खाते."

तिचे कान गरम झाले. तिला वाटलं, हे आपल्याविषयी बोलताहेत. तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच, चारचौघांत, आपल्याविषयी. तिनं ते वाक्य लाजत सांगितलं. मागच्या रांगेतल्या दुरुस्तीवालीलाही तसंच वाटलं असावं. तिनं हसून मान डोलावली, शाबास म्हटल्यासारखी.

"तिची आई आजारी होती. आतल्या खोलीत पडून होती."

शिवणबाईनं झटकन नवऱ्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते, डोळे ओले, आवाज भरून आलेला. ते खोटं रडत नव्हते, हेच वाईट होतं. तिनं त्या भाषेत सांगितलं, "तिची आई तिला शिवण शिकवायची."

"आई हाक मारत होती, आणि ही म्हणत होती, एक मिनिट."

"आईचा हात अजून आपल्या हातावर आहे असं तिला वाटतं."

कंट्रोलर थांबले. भोंगा चालू आहे की बंद पडलाय हे स्टँडवर ज्या कानानं ते ऐकत, त्या कानानं त्यांनी हॉल ऐकला. काहीतरी पोचलं नव्हतं. त्या भाषेतले त्यांना येणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. पण 'एक मिनिट' त्यात होता. प्रत्येक कचेरीत, प्रत्येक दुकानात, प्रत्येक बंद होणाऱ्या दाराआडून त्यांनी तो ऐकला होता. 'आई' येत होता. आणि 'मेली', 'मेला' हे आश्रमात दर आठवड्याला कानावर पडायचं. बायकोच्या तोंडून यातलं काहीच आलं नव्हतं.

त्यांनी तिला हातानं जरा बाजूला केलं आणि त्याच भाषेत, फलाटाच्या टोकापर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात, एकेक शब्द वेगळा ठेवत म्हणाले, "आई. एक मिनिट. आई. एक मिनिट." एका हातात न दिसणारं कापड धरून दुसऱ्या हातानं दोरा ओढून दाखवला. "आई मेली."

दुरुस्तीवालीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुतळ्याकडे कोण बघतं? तिनं शिवणबाईकडे पाहिलं. रागानं नाही. कापड नेमकं कुठून फाटायला लागलं ते शोधताना ती जशी बघायची, तशी. आणि तिला ते सापडलं.

ती उठून गेली नाही. उठली असती तर ती गोष्ट कुणाची ते सगळ्यांना कळलं असतं. शेवटच्या प्रार्थनेपर्यंत बसली, निळ्या कोटाची वरची गुंडी घट्ट लावून. सभा संपल्यावर निरीक्षकांनी तिचा हात हातात घेतला आणि काही म्हणाले. तिनं मान हलवली आणि जिना उतरून गेली. निरीक्षक कंट्रोलरांना म्हणाले, "आज इथं एक मन हललं. मी पाहिलं." मग दोघांच्या खांद्यांवर एकेक हात ठेवून म्हणाले, "जोडी असावी तर अशी. एक आवाज."

घरी आल्यावर तिनं कोट काढला नाही. तशीच टेबलाशी बसली.

"अहो, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"मी नाव घेतलं का तिचं?" कंट्रोलर म्हणाले. "कुणाचंही नाव घेतलं नाही."

"गाडी सुटताना तुम्ही प्रवाशाचं नाव घेत होता? ज्याची गाडी त्याला कळत नव्हतं का?"

"तिच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून बोललो मी."

"उतरवलंत. हॉलभर मांडून ठेवलंत."

ते येरझाऱ्या घालू लागले. खोली तीन पावलांत संपत होती. मग थांबून म्हणाले, "आणि तू काय सांगत होतीस वर? मी 'हात' कुठं म्हणालो? 'हात' मला येतो त्यांच्या भाषेत."

तिनं कोटावरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"मला भाषा कळत नसेल. पण वाक्याची लांबी कळते. जन्म गेला माझा त्यात. हे कधीपासून चाललंय?"

"पहिल्या दिवसापासून."

ते पलंगाच्या कडेवर बसले. तिच्या आतून पुन्हा ती जुनी दया वर येऊ लागली, तिनं ती येऊ दिली नाही.

"म्हणजे इतके दिवस माझं एक वाक्य त्यांच्यापर्यंत गेलं नाही," ते म्हणाले.

"तुमचा आवाज गेला."

"यापुढे मी म्हणेन तेच सांगायचं. शब्दाला शब्द. तुझ्या पदरचं एक अक्षर नको."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. म्हणजे दोघं गेले. दारापाशी ती म्हणाली, "तुम्ही जरा त्या वळणावर थांबता का?" त्यांनी वळणाकडे पाहिलं. "तिथून दिसत नाही," ते म्हणाले, आणि काचेला लागून उभे राहिले, आतल्या पुतळ्याच्या बरोबर समोर. माफी मागायची तर तीसुद्धा त्यांच्या नजरेच्या टप्प्यात.

मशीन चालू होतं. दुरुस्तीवालीनं शिवण संपवली, दोरा कापला, मग वर पाहिलं.

"बोला. काय दुरुस्त करायचंय?"

परक्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. शिवणबाईनं पाठ करून आणलेली वाक्यं या प्रश्नाला लागू पडत नव्हती. तिला आपल्या नवऱ्याची आठवण झाली, पाठ केलेल्या वाक्याला वेगळं उत्तर आलं की ते कसे उभे राहतात ती. तिनं अंगातला कोट काढून पुढे ठेवला.

"अस्तर उसवलंय," ती म्हणाली.

दुरुस्तीवालीनं कोट उलटा केला. बाह्या, बगला, खालचा काठ, सगळीकडून बोट फिरवलं. घाई केली नाही. काम म्हणजे काम.

"कुठंच उसवलेलं नाही," ती म्हणाली. "इथं करण्यासारखं काही नाही." तिनं कोटाची घडी घातली, वरून हात फिरवला आणि तो परत पुढे सरकवला. बाजूच्या खणातून अंगुस्तान काढून स्वतःच्या बोटात घातलं आणि मशीन चालू केलं.

बाहेर कंट्रोलरांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"एक मिनिट," शिवणबाई म्हणाली, आणि कोट अंगात घालायला तिला तेवढाच वेळ लागला.

पुढच्या रविवारी कंट्रोलर पूर्वीपेक्षा जोमानं उभे राहिले. "देवाची गाडी वेळेवर सुटते," ते म्हणाले. तिनं सांगितलं, देवाची बस वेळेवर सुटते. "सुटे पैसे जवळ ठेवा." तिनं सांगितलं, सुटे पैसे जवळ ठेवा. "टपावर बसायचा मोह टाळा, कारण पुढे पूल आहे." तेही सांगितलं, एक अक्षर न गाळता, पदरचं एक अक्षर न घालता. मुलींना उसवायला शिकवायची त्याच शांतपणानं. लंगड्या गृहस्थानं शेजारच्या बाईला हळूच विचारलं, इथं आता तिकिटंही मिळतात का. पुढच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कंट्रोलर प्रत्येक वाक्यानंतर थांबून लांबी ऐकत होते. लांबी बरोबर भरत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं.

मग दर रविवारी खुर्च्या थोड्या कमी मांडाव्या लागू लागल्या. आधी बायका यायच्या थांबल्या, मग लंगडा गृहस्थ. हिवाळा जायच्या आत ऊब घ्यायला येणाऱ्या दोन म्हाताऱ्या तेवढ्या उरल्या, त्यांतली एक झोपायची. निरीक्षकांचा निरोप आला, जोडीची सेवा आणखी एक वर्ष वाढवावी असं मिशनला वाटतं. फोनवर कंट्रोलर म्हणाले, "आम्ही दोघं तयार आहोत." तिनं ते ओट्यापाशी उभं राहून ऐकलं. नणंदेला आता कळवायला हवं होतं, मशीनला मधूनमधून तेल घालत जा म्हणून.

"आज कसं सगळं सांगितलंस," त्यानंतर एका रविवारी हॉलचं दार लावताना कंट्रोलर म्हणाले. "लोकांचं काय, येतात-जातात. पण माझ्या मनाला आता बरं वाटतं. पहिल्यांदा मीच बोलतोय असं वाटतं."

"तुम्हीच बोलताय," ती म्हणाली.

घरचा रस्ता त्या कोपऱ्यावरून जातो. आतला दिवा लागलेला होता. दुरुस्तीवाली मशीनवर वाकलेली, तोंडात टाचण्या, समोर नवरीचा पोशाख असावा तसं लांबलचक पांढरं कापड. शिवणबाईची पावलं मंदावली. काचेपलीकडे सगळं स्पष्ट दिसत होतं. हाक मारली असती तर आत ऐकू गेली असती.

पुढे गेलेले कंट्रोलर थांबले. मागे न वळताच त्यांनी विचारलं, "अगं, आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली.